नववा खिळा

सात.

पुन्हा मोजल्या. सातच. भिंतीवर खिळे आठ आणि चिंध्या सात. इंजिनावरचं शेवटचं झाकण माझ्या हातात, आणि मला दरदरून घाम. झाकण बाजूला ठेवलं. बॅटरीच्या उजेडात इंजिनाच्या पोटात डोकावलो, भोकाभोकात बोट घालून पाहिलं, ट्रॅक्टरखाली आडवा झालो. साठी उलटलेला माणूस मी, बसलो तर उठवत नाही, पण त्या वेळी कुठले गुडघे आणि कुठलं काय!

"दाजी," दारातून आवाज आला, "खांद्यावर."

खांद्यावरच होती. घाम पुसून मीच टाकली होती.

"आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?" मी खेकसलो.

"मला वाटलं, व्यायाम चाललाय."

दारात माझा मेहुणा उभा होता, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. हात मागे, चपलांची टोकं बरोबर उंबऱ्याला टेकवलेली. आमचं घर दुकानाला लागूनच आहे. तिथे तो हक्काने येतो, बहिणीशी वाद घालतो, जेवून तिथेच आडवा होतो. दुकानात मात्र त्याने बावीस वर्षांत पाऊल टाकलेलं नाही. गेल्या महिन्यात गोदामावरची राखणदारी संपली, निवृत्त झाला. तेव्हापासून रोज सकाळी असा येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहायचा. कारण दुकानात तो लाल ट्रॅक्टर आला होता.

या चिंध्यांचं सांगायला हवं. इंजिन उघडलं की वरून खाली जाणारी भोकं उघडी पडतात. त्यांत कचरा जाऊ नये म्हणून आम्ही चिंध्या कोंबतो. काम झालं की काढायच्या. मी एका कापडाच्या मोजून आठ करतो, प्रत्येकीला एक खिळा. आठही खिळे भरल्याशिवाय मी इंजिन बंद करत नाही, मग समोर कुणीही असो आणि कितीही घाई असो. लोक हसतात. मिस्त्री चिंध्यांची हजेरी घेतो म्हणतात. पण हसता हसता विश्वासही ठेवतात. लांबलांबून जुनी खटारी ओढत माझ्याकडे आणतात आणि एकमेकांना सांगतात, काळजी घ्यावी तर या मिस्त्रीसारखी. मी मान खाली घालून पाना फिरवतो. लोकांना तो विनय वाटतो!

मेहुण्याला सगळे 'कोरड्या' म्हणतात. तोंडावर म्हणतात. त्याच्या मुलीला शाळेत 'कोरड्याची पोर' म्हणायचे. मी एकट्याने त्याला त्या नावाने कधी हाक मारली नाही. बायकोला वाटतं, माझा भावावर जीव आहे. आहेच की. पण कारण ते नाही.

तो लाल ट्रॅक्टर तेव्हाही जुनाच होता. मालकाला चांगला चालक हवा होता, मीच मेहुण्याचं नाव सुचवलं. आणि काय चालवायचा! इंजिनाच्या आवाजावरून सांगायचा, दाजी, तिसऱ्या नोझलला बघा. मी उघडून पाहायचो तर डिझेल फवारणारं नेमकं तेच नोझल बिघडलेलं निघायचं. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. मालकाची चार वर्षांची मुलगी त्याच्याशेजारी बसल्याशिवाय दूध प्यायची नाही. त्याला मामा म्हणायची.

मी तेव्हा नुकतंच हे दुकान टाकलं होतं. दारावरच्या पाटीचा रंगसुद्धा नीट वाळला नव्हता. दुकानातलं पहिलं मोठं काम म्हणजे त्याच ट्रॅक्टरचं इंजिन. पूर्ण खोललं, पूर्ण भरलं. नवव्या दिवशी नांगरताना धाडकन आवाज झाला. कनेक्टिंग रॉड इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला. हाताची मूठ जाईल एवढं भगदाड! होतं नव्हतं तेवढं ऑइल त्यातून नांगरलेल्या मातीत गेलं आणि मातीने ते पिऊन टाकलं. मेहुणा धावत आला तो पांढराफटक.

"दाजी, मी सकाळी ऑइल पाहिलं होतं. देवाशप्पथ पाहिलं होतं."

ट्रॅक्टर ओढत दुकानात आणला. इंजिनाच्या तळाशी ऑइलचं पसरट भांडं असतं, त्याला आम्ही चेंबर म्हणतो. त्यात एक जाळी असते. त्या जाळीतून ऑइल वर ओढलं जातं आणि इंजिनभर फिरतं. मी खाली झोपून चेंबर सोडवलं. मालक दारात उभा होता, मेहुणा त्याच्या मागे. दोघांना माझे फक्त पाय दिसत होते.

जाळीला एक चिंधी गुंडाळली गेली होती. पिवळी फुलं होती तिच्यावर. आमच्या स्वयंपाकघराच्या जुन्या पडद्याची. मीच कोंबलेली, मीच काढायची विसरलेली.

"काय झालं, मिस्त्री?" मालकाने विचारलं.

चिंधी खिशात घातली आणि म्हणालो, "ऑइल नव्हतं."

एवढंच बोललो. दोन शब्द. कुणाचं नाव घेतलं नाही. बाकीचं मालकाने आणि लोकांनी पूर्ण केलं: ऑइल न बघता कोरडं इंजिन चालवलं, म्हणून 'कोरड्या'. मेहुण्याने दोन-चार दिवस शपथा घेतल्या. माझ्याकडे बघून म्हणायचा, दाजी, तुम्ही तरी सांगा हो. मी म्हणायचो, जाऊ दे, होतं असं. होतं असं! जीभ झडली नाही माझी.

वाटलं होतं, दुकान जरा जम धरू दे, मग सांगू. मग दुकानाने जम धरला आणि सांगणं आणखी अवघड झालं. सासूबाई शेवटच्या आजारात होत्या. "या पोराचं लक्ष कुठे असतं कुणास ठाऊक," असं मला म्हणाल्या. तेव्हा तोंडापर्यंत आलं होतं, गिळलं. त्याच्या मुलीच्या पुस्तकांना, त्याच्या घरावरच्या पत्र्यांना, कशाला म्हणून मी मागे राहिलो नाही. तो डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा, दाजींसारखा माणूस नाही. मी विषय बदलायचो.

त्याला पुन्हा कुणी स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. शेवटी गोदामावर राखणदार झाला. कुलूप लावायचा, तीनदा ओढून बघायचा, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचा आणि चौथ्यांदा ओढायचा. बायको हसून सांगायची, "एकदा हात पोळलाय ना, म्हणून." मी ताटात बघत राहायचो.

आता मालक गेला. ती चार वर्षांची मुलगी मोठी झाली, शेत स्वतः बघायला लागली. कुठल्याशा भंगारवाल्याकडे तिला त्याच जातीच्या इंजिनाचा धडधाकट ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा बाहेरचा सांगाडा, सापडला आणि बावीस वर्षं छपरात उभा असलेला ट्रॅक्टर तिने माझ्याकडे आणून लावला. "काका, बाबांचा आहे, चालू झाला पाहिजे," म्हणाली. मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण त्या जुन्या इंजिनाची माहिती असलेला दुसरा माणूस आता उरलेला नाही. एक आहे, तो उंबऱ्याबाहेर उभा असतो.

तर त्या सकाळी आठवी चिंधी खिळ्याला लावली आणि झाकण बसवलं. आता ऑइल ओतायचं आणि सुरू करायचं. मी कॅन उचलला आणि का कोण जाणे, त्याला म्हणालो, "ये, ओत."

"मी? नको दाजी."

"अरे, ओतायचंच आहे. त्यात काय बिघडणार आहे?"

त्याने चप्पल काढली. देवळात यावं तसा आत आला. कॅन घेतला. एक थेंब बाहेर सांडला नाही. थोडं ओतायचा, थांबायचा, ऑइल मोजायची पट्टी ओढून बघायचा, पुसायचा, पुन्हा ओतायचा. ओतता ओतता स्वतःशीच बोलल्यासारखं बोलायला लागला.

"दाजी, त्या सकाळी मी शेंगा खात होतो."

"कुठल्या सकाळी?"

"त्याच. भाजलेल्या शेंगा होत्या, या खिशात. पट्टी मी बाहेर काढली होती. तेवढ्यात बांधावरून शेजाऱ्याने हाक मारली, आगपेटी आहे का म्हणून. मी वळलो. त्याला आगपेटी फेकली. आणि पट्टी तशीच, न बघता, परत आत घातली."

मी पाना खाली ठेवला.

"तू तर पाहिलं होतं म्हणायचास."

"म्हणायचो सुरुवातीला. सगळे म्हणायला लागले, पाहिलं नसशील. मग रात्र रात्र जागून आठवायला लागलो. आणि आठवलं की! शेंगांची टरफलं बोनेटवर पडली होती, तीसुद्धा दिसतात. शेजाऱ्याच्या डोक्याला लाल रुमाल होता. लख्ख दिसतं, दाजी." तो जरासा हसला. "आठवलं तेव्हा बरं वाटलं. निदान का झालं ते तरी कळलं."

मी काय सांगू! ती चिंधी मी कधी विसरलो, कशात लक्ष होतं, कोण आलं होतं, यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. हज्जारदा डोकं खाजवलं. मी केलेली चूक मला आठवत नाही, आणि याला न केलेली चूक टरफलांसकट आठवते. आणि ती मी त्याच्या डोक्यात घातली होती, दोन शब्दांनी.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. मालकाची मुलगी. हसत आत आली आणि ऑइलचा कॅन कुणाच्या हातात आहे ते बघून जागीच थबकली.

"काका, हे काय?"

"ऑइल भरतोय," मी म्हणालो.

"ते दिसतंय मला." तिने आवाज खाली आणला, पण एवढ्याशा दुकानात लपतंय काय! "रागावू नका, पण यांना नका हात लावू देऊ. बाबांनी शेवटपर्यंत सांगितलं होतं, ट्रॅक्टर कुणालाही दे, पण..."

पुढचं ती बोलली नाही. तिलाच लाज वाटली असावी. मेहुण्याने कॅन हळूच खाली ठेवला. हात पँटला पुसले.

"बरोबर आहे पोरी तुझं," तो म्हणाला. "मी आपला बाहेर उभा राहतो. फक्त आवाज ऐकून जाईन."

आणि निघाला. उंबऱ्याकडे चालायला लागला, मान खाली घालून. कसलाही राग नाही, कुरकुर नाही. रागावला असता, मला चार शिव्या हासडल्या असत्या, तर कदाचित मी आणखी बावीस वर्षं गप्प बसलो असतो. एवढा नीच आहे मी. पण त्याने ते 'बरोबर आहे' म्हटलं आणि मला तिथे उभं राहवेना.

"थांब," मी ओरडलो. "कुणी कुठे जायचं नाही."

फळीवर जुन्या नोझलांचा डबा होता. तो काढला, पालथा केला. तळाची चिंधी बाहेर पडली. तेल मुरून काळी झालेली, कडक. एका कोपऱ्यात पिवळं फूल अजून ओळखू येत होतं.

"ही जाळीत होती," मी म्हणालो. "ऑइल होतं. पुरेपूर होतं. याने पाहिलं होतं. ही चिंधी मी आत विसरलो होतो, हिने जाळी बंद केली. चेंबर उघडलं तेव्हा मला दिसली आणि मी ती खिशात घातली. तुझ्या बाबांशी मी खोटं बोललो. याच्याशी बोललो. सगळ्यांशी बोललो."

एवढं बोलायला बावीस वर्षं लागली, आणि बोलून झालं पाण्याचा पेला रिकामा व्हायच्या आत.

घराच्या बाजूचं दार उघडंच होतं, तिथे बायको चहाचे कप घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने कप खाली ठेवले, पुढे आली, माझ्या हातातून चिंधी घेतली आणि फुलावरून अंगठा फिरवला.

"माझा पडदा," ती म्हणाली. "मीच फाडून दिला होता तुम्हाला." मग म्हणाली, "आई काय म्हणत गेली, ऐकलं होतंत ना तुम्ही? तिच्या उशाशी बसून ऐकलंत."

"ऐकलं होतं."

यापुढे ती माझ्याशी बोलली नाही.

मेहुणा उंबऱ्यावर पाठमोरा उभा होता. तो वळला. मला वाटलं, आता धावून येतो. यावं, असं वाटत होतं. पण तो अगदी अवघडल्यासारखं म्हणाला, "दाजी, म्हणजे मी पाहिलं होतं?"

"पाहिलं होतंस रे राजा."

"पट्टी न बघता आत नव्हती घातली?"

"तू कधी न बघता घातलीस का?"

त्याने डोळे मिटले. कपाळाला आठ्या पडल्या. बराच वेळ तो काहीतरी शोधत होता. बाहेर गाडीचं तापलेलं इंजिन टिकटिकत होतं.

"नाही सापडत," तो डोळे उघडून म्हणाला. "शेंगाच दिसतात. आगपेटी दिसते. पाहिल्याचं काहीच आठवत नाही, दाजी. तुम्ही म्हणताय म्हणून पाहिलं असेन."

माफ कर, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. इंजिनाला दुसरा ब्लॉक मिळतो. याची ती सकाळ मी कुठल्या भंगारातून आणून देणार होतो?

मालकाची मुलगी पुढे झाली. तिने खिशातून किल्ली काढली. लहानपणी म्हणायची तसं म्हणाली, "मामा, तुम्ही सुरू करा."

"मी नको. तुझे बाबा..."

"बाबांना खरं माहीत नव्हतं. मला आता माहीत झालंय. घ्या." तिचा आवाज फुटला. "मला शेजारी बसवा फक्त."

त्याने किल्ली घेतली. आधी इंजिनाशी गेला. पट्टी काढली, पुसली, आत घालून पुन्हा काढली आणि उजेडात धरली. "दोन खुणांच्या मध्ये आहे," मोठ्याने म्हणाला, आम्हा तिघांना ऐकू जाईल असं. "सगळ्यांनी बघा." आम्ही तिघांनीही वाकून बघितलं. मग तो चढला.

दोनदा घरघर केली इंजिनाने, तिसऱ्यांदा धरलं. काळा धूर गेला, मग पांढुरका, मग नुसता आवाज राहिला. तो मान तिरकी करून ऐकत होता, पूर्वीसारखा. "दुसऱ्या नोझलला बघा नंतर," आवाजावर आवाज चढवून मला म्हणाला. चुकला नव्हता तो. दुसरं नोझल जुनंच घातलं होतं मी, मागवलेलं नवं बसत नव्हतं म्हणून. मला रडू आलं, रडलो.

ती त्याच्याशेजारी चढून बसली. ट्रॅक्टर दुकानातून बाहेर पडला, शेताच्या रस्त्याला लागला. बघता बघता वळणाआड गेला. आवाज येत राहिला.

बायकोने ती काळी चिंधी भिंतीशी नेली. आठ खिळ्यांकडे बघितलं. मग माझ्या पेटीतून एक खिळा आणि हातोडी काढून ओट्यावर ठेवली, माझ्यापुढे, आणि घरात निघून गेली. चहा तसाच होता. काय करायचं ते मला कळलं. तिथे नववी चिंधी दिसली की उद्यापासून प्रत्येक गिऱ्हाईक विचारणार, आणि प्रत्येकाला मी सांगायचं.

खिळा भिंतीला टेकवला आणि हातोडी उचलली, तोच दूरचा आवाज बंद झाला. एकदम. काय राहिलं? काय विसरलो? आठही होत्या, मी स्वतः लावल्या होत्या. हातोडी धरून तसाच उभा राहिलो, कान देऊन.

थोड्या वेळाने इंजिन पुन्हा सुरू झालं. स्वच्छ, एका लयीत. जरा पुढे गेलं, आणि पुन्हा बंद.

मग माझ्या लक्षात आलं. बिघडलं काहीच नव्हतं. तो खाली उतरून ऑइल बघत होता.